शब्दकोश ॲप – शब्द भरपूर, पण वापर कुठाय?

दोन महिने हे मराठी शब्दकोश ॲप वापरतोय (नाव मुद्दाम टाकत नाही), स्पीड चांगलाय, नेट नसलं तरी चालतं. पण परवा 'निश्चल' शोधला आणि डोकंच फिरलं.

अर्थ काय दिलाय तर 'न हलणारा'. बास. आणि खाली समानार्थी म्हणून स्थिर, अचल, स्तब्ध, निश्चेष्ट, ठप्प सगळे एका ओळीत, म्हणजे कुठलाही उचला आणि कुठेही लावा! अहो सर्व्हर ठप्प होतो, निश्चल होत नाही. पेशंटची प्रकृती स्थिर असते, आणि तीच निश्चल म्हणालात तर घरचे रडायला लागतील. निश्चेष्ट तर शुद्ध हरपून पडलेल्या माणसासाठी, आणि स्तब्धमध्ये धक्का पण येतो, शांतता पण येते. बरं स्थिर म्हणजे दरवेळी हालचाल नाही असंही नसतं, भूस्थिर उपग्रह सेकंदाला साधारण 3 किलोमीटर पळत असतो, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेतो म्हणून खालून जागच्या जागी दिसतो इतकंच.

माझ्या मते निश्चल कशाला म्हणायचं, तर जे हलू शकतं पण आत्ता हलत नाहीये त्याला. वारा पडल्यावर तळ्याचं पाणी, समईची ज्योत, एकटक लागलेली नजर. टेबलाला कोणी निश्चल म्हणतं का? बहुतेकदा पुढे बसणे, उभा राहणे, पडून असणे असं काहीतरी येतं, 'तो निश्चल बसून होता'. हे एका उदाहरणाने कळलं असतं, पण उदाहरण एकही नाही.

व्हॉइस सर्चचं तर विचारूच नका, निश्चल म्हटलं की 'निश्चय' दाखवतं, ज्याचा 'चल'शी काही संबंध नाही. तिसऱ्यांदा 'निश्चलनीकरण' आलं, तो 2016 च्या नोटाबंदीतला शब्द, त्यात 'चलन' आहे, म्हणजे चलनातून बाद करणे. नातं आहे खरं पण लांबचं, आणि ते पण ॲपने सांगितलं नाहीच, मीच फोड करत बसलो.

स्पेलिंग बघायला, शब्दकोड्याला एकदम मस्त. लिहिणाऱ्यांनी किंवा मराठी नव्याने शिकणाऱ्यांनी ती समानार्थीची ओळ डोळे झाकून वापरू नका. सध्या तीन स्टार, प्रत्येक शब्दाला एकेक वाक्य टाका, चौथा लगेच देतो.