चौदा महिने, एक इम्प्लांट आणि तिच्यापुढची फट

गेल्या महिन्यात चूळ भरताना जीभ लागली आणि दाढ हलली. माझी नव्हे, बसवलेली. खाली उजवीकडची पहिली दाढ, इम्प्लांट, कॅप बसून तेव्हा १४ महिने झाले होते. रात्रभर झोप लागली नाही. एवढा खर्च, एवढे महिने, आणि आता हाडातून निघतेय की काय, हाच विचार डोक्यात. म्हणून हा अनुभव आज लिहितेय. वर्षभरापूर्वी लिहिला असता तर नुसती स्तुती केली असती.

इम्प्लांट म्हणजे काय हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच: हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर जोडणारा खुंट, त्यावर कॅप. मला झालेला घोळ मधल्या तुकड्याचा. कॅप आणि खुंट आतल्या स्क्रूवर ज्या बारीक स्क्रूने आवळतात, तो सैल झाला होता. फक्त कॅप हलत असेल तर बहुतेक वेळा हेच असतं आणि ते दुरुस्त होतं. हाडातला स्क्रूच हलू लागला तर मात्र तो काढण्यावाचून गत्यंतर नसतं. हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर एक रात्र वाचली असती.

मी तेव्हा बाहेरगावी होते. जवळच्या दंतवैद्याकडे गेले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या कंपनीचं आहे? कार्ड आहे का?" कार्ड? कसलं कार्ड? तेव्हा कळलं की प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि ते फिरवायचे पाने वेगवेगळे असतात. कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड रुग्णाला मिळायला हवं. मला मिळालं नव्हतं. ज्या दवाखान्यात बसवलं तिथे फोन केला, तर "फाइल शोधून सांगतो". दुसऱ्या दिवशी "मॅडम सुट्टीवर आहेत". तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला. चौथ्या दिवशी एका स्टिकरचा फोटो आला, तोही तिरका काढलेला. दुरुस्तीला किती वेळ लागला? दहा मिनिटं. कॅपवरच्या भोकातलं फिलिंग काढलं, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्कच्या पान्याने ३५ न्यूटन-सेंटीमीटरवर आवळलं, भोक परत बुजवलं. दहा मिनिटांच्या कामासाठी चार दिवस एका बाजूने चावत बसले.

एक मात्र बरं झालं. माझी कॅप स्क्रूने बसवलेली होती. सिमेंटने चिकटवलेली असती तर ती अशी अलगद उघडता आली नसती, कदाचित फोडावी लागली असती. शिवाय हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला तर तिथे सूज धरते. निवडायची वेळ आली तर हा प्रश्न जरूर विचारा. मी विचारला नव्हता, नशिबाने मिळालं.

आता मुळात इम्प्लांट का घेतलं ते सांगते. रूट कॅनाल केलेली दाढ उभी चिरली, काढावी लागली. पुढची दोन वर्षं मी चालढकल केली. तेवढ्यात वरची समोरची दाढ खाली सरकायला लागली आणि खालच्या हाडाची रुंदी कमी झाली. दात नसलेलं हाड झिजत जातं आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. तरी ७ मिलिमीटर रुंदी उरली होती आणि त्रिमितीय स्कॅनमध्ये खालची नस पुरेशी दूर दिसली. नसेपासून निदान २ मिलिमीटर अंतर ठेवतात. दुसरा पर्याय ब्रिजचा होता, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधला दात बसवायचा, पण त्यासाठी दोन्ही बाजूंच्या अगदी धडधाकट दाढा घासाव्या लागल्या असत्या. एक दात गेला म्हणून आणखी दोन छाटायचे, हे माझ्या हिशेबी मनाला पटेना. त्या दाढांवर आधीच कॅप असत्या तर मी ब्रिजच केला असता, हेही सांगून टाकते.

साखर हा माझा अडथळा होता. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ८.६ होती. डॉक्टर म्हणाले, आधी ती खाली आणा, मग बोलू. तीन महिन्यांनी ७.१ आल्यावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा राग आला होता, आता वाटतं, त्या दवाखान्याने केलेली ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट. शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दाढ काढताना जास्त दुखलं होतं. हाड धरायला साडेतीन महिने दिले, मग कॅप.

माझं पाहून आईलाही इम्प्लांट हवं झालं. तिला विचारलं, कुठली औषधं चालू आहेत. हाडं ठिसूळ झाल्यामुळे ती कित्येक वर्षं इंजेक्शन घेतेय. ते ऐकल्याबरोबर डॉक्टरांनी हात आखडता घेतला, कारण त्या औषधांवर जबड्याचं हाड कधी कधी भरून येत नाही, उघडं पडतं. तिच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलून शेवटी काढता-घालता येणारी कवळी ठरली. आई आठवडाभर रुसली. वय हा अडथळा नव्हता, औषध होतं. ऐंशीच्या माणसाला चालतं आणि पन्नाशीच्या माणसाला चालत नाही, असं होऊ शकतं.

आता फटीवर येते. नवरा म्हणतो, तुझं सगळं बोलणं त्या फटीवरच येतं. येऊ दे. सातव्या महिन्यापासून इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला, तिच्या आणि शेजारच्या दाताच्या मध्ये, प्रत्येक जेवणानंतर काहीतरी अडकायला लागलं. प्रत्येक. चार माणसांत बसले तरी जीभ तिथेच. आधी मी ठरवून टाकलं की कॅप चुकीची बनवली. दवाखान्यात जाऊन तसं सुनावलंही.

पण तिथे मिळालेलं उत्तर मला मानावं लागलं. आपले दात आयुष्यभर अगदी सावकाश पुढे सरकत असतात. मुळाभोवती धाग्यांची उशी असते, म्हणून ते हलू शकतात. इम्प्लांटला ती उशी नाही, ती हाडाशी थेट जखडलेली असते. पुढचा दात सरकला, ही जागीच राहिली, मध्ये फट पडली. हे बऱ्याच जणांना होतं म्हणे. मग बसवण्याआधी एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? माहितीपत्रकात टायटॅनियमच्या इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांच्या १९६५ सालच्या पहिल्या रुग्णाची गोष्ट होती, त्याची इम्प्लांट चाळीस वर्षांवर टिकली, २००६ साली तो वारला तोपर्यंत. ती खरी आहे. पण त्या माणसाच्या फटीत काय अडकत होतं, ते कुणी छापत नाही.

उशी नसल्याचा आणखी एक परिणाम: चावलेलं कळतं, पण किती जोराने ते नीट कळत नाही. आणि इथे माझंही चुकलं. मी झोपेत दात खाते. नवरा कित्येक वर्षं सांगतोय, मी कानाआड करत आले. फॉर्मवर त्या रकान्यात "नाही" लिहिलं होतं. स्क्रू सैल व्हायला बहुधा तेच कारण, असं त्या बाहेरगावच्या डॉक्टरने सांगितलं. आता रात्री दातांवर गार्ड घालते. त्यामुळे दवाखान्यावरचा माझा राग अर्धा उतरलाय. कार्डाबद्दलचा अर्धा तसाच आहे.

साफसफाईबद्दल थोडक्यात. टायटॅनियम किडत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण भोवतीची हिरडी सुजते, मग हाड खाली जातं आणि दुखत नसल्यामुळे फार उशिरा कळतं. मी रोज रात्री बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा पिटुकला ब्रश फटीतून फिरवते, तार प्लास्टिकने मढवलेली. दर सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा एक्स-रे. सिगारेट ओढणारे आणि हिरड्यांचा जुना आजार असलेले यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आणि वॉरंटी कशाची आहे ते लिहून घ्या. माझी फक्त हाडातल्या स्क्रूची निघाली. कॅपची नाही, दुरुस्तीची नाही.

वर डावीकडे माझी शेवटून दुसरी दाढही नाही. तिथेही बसवू, असं सुचवलं गेलं. वर सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातली, पोकळी खाली आलीय, म्हणजे आधी हाड भरायचं, मग महिनोन्महिने थांबायचं. त्या बाजूने मला नीट चावता येतं, समोरची खालची दाढही नाही, म्हणजे वर सरकणारंही काही नाही. नको म्हटलं. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असं नसतं.

खालची मात्र पुन्हा घेतली असती का? हो. दोन धड दाढा वाचल्या आणि कडक घास त्या बाजूने फुटतो. पण फटीचं काय, हे विचारायला मंगळवारी जाणार आहे. कॅप काढून लॅबमध्ये पुढच्या बाजूला थोडा पोर्सिलेनचा थर चढवून आणता येतो. गेल्या महिन्यात ती उघडलीच होती, तेव्हाच पाठवली असती तर एक फेरी आणि एकदा भोक बुजवण्याचे पैसे वाचले असते. हे मला घरी आल्यावर सुचलं.