एलपी अस्पायर कोंगा: शिकायला जोडी हवी की एकच?

साल्सा वाजवायला शिकायचं म्हटलं की दुकानात ही जोडी हमखास पुढे येते: 10 आणि 11 इंचांचे दोन लाकडी कोंगा (हातांनी वाजवायचे उभट क्यूबन ढोल), त्यांवर कच्चं कातडं आणि दोन्ही पेलणारा एक स्टँड. अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केल्यावर तिथली वाद्यं मिळेनाशी झाली, तेव्हा मार्टिन कोहेन यांनी 1964 मध्ये लॅटिन पर्कशन, म्हणजे एलपी, सुरू केली. अस्पायर ही त्यांची शिकाऊंसाठीची श्रेणी.

स्टँड खरंच कामाचा. कोंगा खालून उघडा असतो. जमिनीवर सपाट ठेवला तर तळव्याचा खर्ज आतच कोंडतो, म्हणून बसून वाजवणारे तो गुडघ्यांत धरून किंचित कलता ठेवतात. स्टँडवर ही कटकट नाही.

अडचण मापाची आहे. वादकांच्या नेहमीच्या वापरातले ढोल तीन मापांचे: लहान किंतो 11 इंचांचा, मधला कोंगा पावणेबारा आणि मोठा तुंबा साडेबारा. म्हणजे या जोडीतला मोठा ढोल तिकडच्या सगळ्यांत लहान ढोलाएवढा. तुंबाचा भरदार खर्ज यातून निघणार नाही, आणि 10 इंची पुडीवर मोठ्या हाताचे दोन्ही पंजे एकमेकांना आपटतात. त्या अडचणीत हात आखडतो आणि मोकळा बोल दबका येतो. मोकळ्या बोलासाठी चार बोटं जुळवून, बोटांच्या मुळाशी असलेला मांसल भाग काठावर टेकवायचा आणि लगेच उचलायचा. अंगठा बाहेर ठेवा, नाहीतर कड्यावर आदळून सुजतो. तबलजींची बोटं इथे एकेकटी पडायला बघतात. ढोलकीवाल्यांचं तुलनेने लवकर जमतं. शाई नाही, त्यामुळे तबल्यासारखा नेमका स्वर शोधत बसू नका.

खरं तर सुरुवातीला दोन ढोल लागतच नाहीत. 1940च्या सुमारास क्यूबाचे संगीतकार आर्सेनियो रोद्रिगेस यांनी आपल्या ताफ्यात कोंगा आणला तेव्हा तो एकच होता. तुंबाओचे, म्हणजे कोंगाच्या मूळ ठेक्याचे, आठ बोल एकाच ढोलावर येतात:

तळवा, बोटं, स्लॅप (चापट), बोटं, तळवा, बोटं, मोकळा, मोकळा.

हात: डावा, डावा, उजवा, डावा, डावा, डावा, उजवा, उजवा.

बोटांचे बोल जवळजवळ ऐकूच येऊ नयेत, ते फक्त वेळ मोजतात. सगळ्यांत ठळक वाजतात ते 7 आणि 8, म्हणून नवशिके त्यांनाच सम समजतात आणि अख्खा ठेका उलटा धरून बसतात. नाचणारा पायात अडखळला की चूक कळते.

त्यावर उपाय क्लावे. दोन लाकडी दांड्या, जोडीच्या तुलनेत खर्च किरकोळ, आणि शिकायला मिळतं जास्त. त्यांवर वाजणाऱ्या ठेक्यालाही क्लावेच म्हणतात. तीनतालासारख्या 16 मात्रा मोजा: 3-2 क्लावेत (आधी तीन टोले, मग दोन) टोले 1, 4, 7, 11 आणि 13 वर. नववी मात्रा इथेही खाली! 2-3 घेतला तर टोले 3, 5, 9, 12, 15 वर जातात आणि समेवर काहीच वाजत नाही. आपल्या कानाला ते फार खुपतं. पावलाने सम धरून तोंडाने टोले म्हणा, हे स्थिर झाल्यावरच हात ढोलावर न्या. दांडी मुठीत घट्ट आवळू नका. खालची दांडी बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्यावर अलगद टेकवून तळव्यात पोकळी ठेवली तरच टणक, खणखणीत आवाज येतो.

म्हणून आमचा कौल असा: एवढ्याच पैशांत चांगल्या अवस्थेतला, पावणेबारा इंचांचा एकच जुना कोंगा मिळत असेल तर तो घ्या. लहान हातांच्या मुलांसाठी, किंवा दोन ढोलांवरच्या हालचालींचा सराव हवा असेल तर अस्पायर चालेल.

पूर्वी कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे, आणि हलगी शेकतात तसं विस्तवाच्या धगीवर चढवावं लागे. आता पाना पुरतो. प्रत्येक नट पाव फेरा, गोल फिरत, सगळीकडे सारखा; एकच नट जास्त आवळला तर कडं तिरपं बसतं आणि पुडी एका बाजूने बद्द वाजते. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात कातडं सैलावतं, तेव्हा वाजवण्याआधी चढवा आणि वाजवून झालं की आठवणीने उतरवा. चढवलेलाच ठेवला तर हवा कोरडी झाल्यावर ताण वाढून पुडी फाटते.