रॅम मेली नव्हती, नुसती एक सेटिंग बंद होती

इंदूरमध्ये कुणी जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलून घेणार असेल, तर दुकानदाराने रॅमला हात लावायच्या आधी हे वाचा. मला साडेचार हजारांचा चुना लागला. आणि ज्या आकड्याच्या जोरावर तो लावला, तो आकडा खरा होता.

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. मशीन बी४५० मदरबोर्डाचं, त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि ३२०० स्पीडच्या रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. एएम४ सॉकेटची (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) सोय अशी की बोर्ड तोच ठेवून रायझन ५ ५६०० बसवता येतो. फक्त बोर्ड २०१८ च्या पिढीचा आणि प्रोसेसर २०२२ चा, त्यामुळे आधी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट करावा लागतो. आरएनटी मार्गाच्या बाजूला एका दुकानात काम दिलं. प्रोसेसर अस्सल, बायोसही नीट झाला. तिथवर काही म्हणणं नाही.

घरी येऊन टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरीचा स्पीड २१३३. पूर्वी तिथे ३२०० दिसायचा. मशीन उचलून परत दुकानात. त्याने आधी चहा मागवला (हे फार गोड वागतात), मग सीपीयू-झेड (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं, मेमरीच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "देखो दीदी, बत्तीस सौ बोल के किसी ने चिपका दी आपको. हज़ार छियासठ पे चल रही है. नया प्रोसेसर पुरानी रैम को झेलता नहीं."

स्क्रीनवर १०६६ खरंच होतं. पण डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा देते. सीपीयू-झेड ठोके दाखवतं, पाकिटावर दुप्पट आकडा छापतात. १०६६ म्हणजे तोच २१३३. पूर्ण वेगाने चालणारी ३२०० ची पट्टीसुद्धा तिथे १६०० च दाखवते. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं, असं मला कुणी सांगू नये.

'झेलता नहीं' हे तर उघड खोटं. ५६०० ला ३२०० ची मेमरी अधिकृतपणे चालते. माझ्या जुन्या २६०० ची अधिकृत मर्यादा २९३३ होती. म्हणजे नवा प्रोसेसर त्या पट्ट्यांना जास्तच मानवणारा. खरं कारण साधं होतं. पट्टीवरचा ३२०० हा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे पट्टीतच साठवलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगचा वेग. बायोस अपडेट झाला की सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, एक्सएमपी बंद होतं आणि रॅम आपल्या साध्या वेगावर येते. बायोसमध्ये जाऊन तेवढं चालू करायचं. असुसच्या बोर्डावर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयच्या ए-एक्सएमपी. फुकटातलं काम!

त्याऐवजी माझ्या पट्ट्या बाराशेला 'एक्सचेंज'मध्ये गेल्या, वर साडेचार हजार घेऊन चकाकत्या लाल कव्हरच्या दोन नव्या बसवल्या. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० आलं. बिल मागितलं तर साध्या कागदावर 'रैम १६ जीबी' एवढंच.

मग मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडायला लागलं. मोठा अल्बम एक्स्पोर्टला लावला की हमखास. रामबागेतला माझा मावसभाऊ येऊन बसला. त्याने सीपीयू-झेडमधलं एसपीडीचं पान (पट्टीच्या चिपमधली नोंद तिथे दिसते) उघडलं आणि म्हणाला, "ताई, ही ३२०० ची नाहीच." कव्हरवर ३२०० चं स्टिकर, पण आतल्या चिपमध्ये नोंद १३३३ पर्यंतची, म्हणजे २६६६. एक्सएमपीचा रकाना गायब, पार्ट नंबर स्टिकरशी जुळत नाही, आणि बनावटीचं वर्ष २०१९. जुन्या २६६६ च्या पट्ट्यांना नवं कव्हर चढवून, बायोसमध्ये हाताने ३२०० टाकून दिलं होतं. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं तर चुकांच्या लाल ओळींचा पाऊस. वेग २६६६ वर आणला आणि एकही चूक नाही. म्हणजे पट्ट्या चालतात, फक्त विकल्या गेल्या तशा नाहीत.

प्रोसेसर बदलल्यावर स्पीड कमी दिसला तर आधी एक्सएमपी बघा, मग पट्ट्या कुठल्या खाचांत आहेत ते. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. सफाई करताना दुकानातली पोरं त्या शेजारी-शेजारी खोचून देतात, मग सीपीयू-झेडमध्ये ड्युअलऐवजी सिंगल चॅनल दिसतं, म्हणजे डेटा दोनऐवजी एकाच वाटेने जातो. आणि मशीन दुकानात द्यायच्या आधी एसपीडीच्या पानाचा प्रत्येक पट्टीचा फोटो काढून ठेवा. पार्ट नंबर, सिरीयल नंबर, वर्ष, सगळं त्यात येतं. बिलावरही पार्ट नंबर लिहून घ्या. दुकानदार कटकट करेल, करू दे.

पुन्हा गेलो तेव्हा चहा नव्हता. "आपने ही बदल दी होगी" असं तोंडावर ऐकवलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याच्यासमोर धरला, तेव्हा साडेचार हजार परत आले. त्याच्या पट्ट्या त्याला दिल्या, त्याचे बाराशेही काउंटरवर ठेवले. माझ्या जुन्या पट्ट्या मात्र 'बिक गई' म्हणे. त्यांचा सिरीयल नंबर कुठे लिहिलेला नसल्याने त्यावर पुढे काही करता आलं नाही. सध्या भावाने दिलेली आठ जीबीची एकच पट्टी लावून काम रेटते आहे.