स्टिलमन अँड बर्नचं 'अल्फा' स्केचबुक : कल्पना शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी

काही सुचत नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची स्केचबुकं उघडून पाहिली, तर पुष्कळदा पहिली चार पानं देखणी आणि पुढची सगळी कोरी असतात. आळसाला बोल लावण्याआधी कागद तपासावा. ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) महागडा जलरंगाचा कागद समोर असला की प्रत्येक पान 'चांगलंच' व्हायला हवं असं दडपण येतं, आणि फसण्याच्या भीतीने हात थांबतो. उलट ८०-९० जीएसएमच्या पातळ वहीत पेन्सिलीपलीकडे काही करता येत नाही. पाण्याचा पहिला हात लागला की पान गोळा होतं आणि रंगाचा विचारच बाजूला पडतो. स्टिलमन अँड बर्न कंपनीचं अल्फा या दोन टोकांच्या मधलं आहे. शिकणाऱ्याला रोज वापरायला नेमकं असंच स्केचबुक हवं, असं माझं ठाम मत आहे.

कागद १५० जीएसएमचा, नैसर्गिक पांढरा, हलक्या दाण्याचा, म्हणजे किंचित खरखरीत. कंपनीने तो कोरडी माध्यमं आणि हलका वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा हात) यांसाठी बनवला आहे. हे वाक्य खरेदीच्या आधी नीट वाचावं, कारण अल्फाबद्दलच्या बहुतेक तक्रारी त्याकडे दुर्लक्ष झाल्याने येतात. हा जलरंगाचा कागद नाही.

पेन्सिलीसाठी पृष्ठभाग उत्तम आहे. एचबी ते ४बी इथे छान चालतात. दाणा ग्रॅफाइट पकडतो, पण छायांकनात पांढरे ठिपके उरत नाहीत. ६बीच्या पुढे गेलात तर समोरच्या पानावर छाप उमटते, म्हणून मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवावा. खोडताना मात्र सांभाळायला हवं. कागदाच्या आत आणि वरच्या थरात सायझिंग असतं, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला चिकट द्रव्याचा लेप. कडक रबराने जोरात घासलं तर तो थर निघतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण नंतर वॉश दिला की तेवढ्याच जागी रंग खोल मुरतो आणि गडद डाग पडतो. असा डाग पुन्हा निघत नाही. ज्या पानावर रंग येणार, तिथे मळता येणारं मऊ खोडरबर दाबून उचलावं, घासू नये. मुळात पेन्सिलच हलकी ठेवावी.

शाई आणि वॉश हे या स्केचबुकाचं खरं बलस्थान. पिगमेंट शाईचं (वाळल्यावर पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं) बारीक टोकाचं लायनर पेन, त्यावर एक पातळ वॉश, इतकंच काम असेल तर रंग वर राहतो, फिका पडत नाही. शाई आधी पूर्ण वाळू द्यावी. सायझिंगमुळे ती साध्या कागदापेक्षा इथे सावकाश वाळते, आणि घाई केली तर रेषा राखाडी होऊन पसरते. कोपऱ्यात एक रेघ मारून ओल्या कुंचल्याने तपासलं की प्रश्न मिटतो. फाउंटन पेनातली नेहमीची डायची शाई पाण्यात विरघळतेच. तो परिणाम हवा असेल तरच ती वापरा. ०.१ मिमीच्या लायनरचं टोक या दाण्यावर लवकर झिजतं, म्हणून ०.३ पासून पुढचं घ्यावं.

वॉश किती द्यायचा? १०-१२ मिमीचा चपटा कुंचला भरून एक हात, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. तिसऱ्या हाताला खालचा रंग सुटायला लागतो आणि चिखल होतो. ओल्यावर ओलं हे तंत्र इथे जमत नाही. पान ओलं झालं की त्यावर लाटा येतात, पाणी खळग्यांत साचतं, आणि अर्धवट वाळलेल्या रंगात ते घुसलं की कडा फुटलेले डाग तयार होतात. कारण सोपं आहे : भिजलेले तंतू फुगतात, आजूबाजूचे कोरडे तंतू जागेवरच असतात, म्हणून फुगलेल्या भागाला वर उचलण्यावाचून वाट नसते. सुटा कागद बोर्डावर ताणून लावता येतो, शिवलेल्या वहीतलं पान ताणता येत नाही. तेव्हा तिन्ही मोकळ्या बाजूंना क्लिप लावाव्यात, वॉश पानाच्या एका भागापुरता ठेवावा, आणि वाळेपर्यंत वही मिटू नये. लाटा राहिल्याच तर पानाच्या मागून पाण्याचा अगदी हलका फवारा द्यावा, दोन्ही बाजूंना टिपकागद ठेवावा आणि वही रात्रभर वजनाखाली दाबावी. पान बरंचसं सपाट होतं. मागच्या बाजूला पाण्यात विरघळणारं चित्र असेल तर हा उपाय करू नये.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे या पानांवर करायचं काय. कल्पना कोऱ्या पानाकडे बघून येत नाही. आधी साठवलेल्या नोंदींतून ती निघते, आणि नोंद जितकी नेमकी तितकी पुढे उपयोगी. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांचे अभ्यास केले, तेव्हा अनेक चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. तशीच शिस्त इथे लावावी. चित्राशेजारी प्रकाश कुठून येतो, सर्वांत गडद जागा कोणती, सावलीचा रंग उबदार की थंड, हे शब्दांत लिहा. रंगपेटी जवळ नसेल तर त्या त्या जागी रंगाचं नाव लिहा. त्याच काळातला इंग्लिश चित्रकार टर्नर याची सुमारे ३०० स्केचबुकं लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहेत. त्यांतली कितीतरी पानं नुसत्या पेन्सिलीच्या घाईघाईच्या रेषांची आहेत, आणि अशा रेषांवरून पुढे स्टुडिओत रंगचित्रं उभी राहिली. नोंद देखणी असण्याची गरज नसते, ती नंतर वाचता आली पाहिजे.

नोंदीतून चित्राकडे जाताना अल्फाचं एक पान असं वापरावं : त्यावर साधारण ४ × ६ सेंमीच्या सहा चौकटी आखा. एकच विषय सहा वेगळ्या मांडण्यांत बसवा. क्षितिज वर, क्षितिज खाली, विषय कडेला कापलेला, उभी चौकट, अगदी जवळून, अगदी लांबून. प्रत्येकीला दोन-तीन मिनिटं. छटा तीनच : कागदाचा पांढरा, पातळ शाईचा मधला राखाडी, आणि काळा. राखाडीचा एक हात सहाही चौकटींत एकदमच द्यावा, म्हणजे वाळण्यासाठी एकदाच थांबावं लागतं. पहिल्या दोन मांडण्या बहुधा पाहिलेल्या चित्रांची आठवण असतात. स्वतःचं काही यायला लागतं ते चौथ्या-पाचव्या चौकटीत, म्हणून मध्येच थांबू नका. छटा तीनऐवजी पाच घेतल्या तर रंगवण्यात वेळ जातो आणि मांडणीचा प्रश्न तसाच राहतो.

बाकी माध्यमांचं थोडक्यात. पातळ गुआश (अपारदर्शक जलरंग) चालतो, पण जाड थर दिला तर पान वाकताना तडकतो. अॅक्रिलिक वाळल्यावरही समोरच्या पानाला चिकटतो, मध्ये बटर पेपर हवाच. अल्कोहोल मार्कर मागे उमटतात, कारण सायझिंग पाण्याला अडवतं, अल्कोहोलला नाही. मार्करवाल्यांनी एकाच बाजूला काम करावं. फोटो, तिकिटं, कापडाचे तुकडे चिकटवायची सवय असेल तर तेवढी काही पानं मुळाशी थोडी जागा सोडून कापून टाका, नाहीतर वही फुगून शिवणीवर ताण येतो.

बांधणीचे तीन प्रकार मिळतात. कडक पुठ्ठ्याची वही हातात धरून काम करायला सर्वांत सोयीची आणि दोन पानांवर मिळून चित्र काढता येतं. नवीन असताना ती सपाट पडायला कुरकुरते. सुरुवातीची आणि शेवटची थोडी थोडी पानं आळीपाळीने उघडून मधोमध हलका दाब दिला की शिवण सैल होते. मऊ कव्हरची वही हलकी, पण उभ्याने काम करताना मागे बोर्ड लागतो. स्पायरलची वही पूर्ण उलटते. तिचा तोटा असा की तारेवर पानं हलतात, एकमेकांवर घासतात आणि पेन्सिलकाम धूसर होतं. प्रामुख्याने ग्रॅफाइटमध्ये काम करणाऱ्याने स्पायरल घेऊ नये.

निब आणि बारीक रेषांचंच काम असेल तर याच कंपनीचं 'एप्सिलॉन' बघा. वजन तेच, पृष्ठभाग गुळगुळीत. भरपूर पाण्याने रंगवणार असाल तर २७० जीएसएमचं 'बीटा' घ्या, पानं कमी मिळतील हे धरून. पेन्सिल, शाई आणि एखादा वॉश यांत रोजचं काम भागत असेल, तर शिवलेलं, कडक पुठ्ठ्याचं, साडेपाच बाय साडेआठ इंचांचं अल्फा घ्यावं. ते दप्तरात सहज मावतं आणि सहा चौकटी एका पानावर नीट बसतात.