‘द हाउसमेड’ दाखवायचा, पण 1960 चा की 2010 चा?

16 जूनला, आंतरराष्ट्रीय घरकामगार दिनी, एखादा कोरियन चित्रपट दाखवून चर्चा ठेवायची म्हटलं की ‘द हाउसमेड’ याच नावाचे हे दोन चित्रपट हमखास पुढे येतात. चित्रपट म्हणून किम की-यंग यांचा जुना, 1960 चा उजवा, हे मीही मान्य करतो. दुमजली घर, जिना आणि उंदराचं विष एवढ्यावर तो शेवटपर्यंत धरून ठेवतो.

माझी अडचण झाली ती नंतरच्या चर्चेत. जुना चित्रपट पाहून लोक मोलकरणीला घाबरतात. तिला मालकापासून दिवस जातात आणि मालकीण तिला जिन्यावरून पडून गर्भ पाडायला लावते. बोलायला हवं ते यावर. पण पुढे ती सूडाला पेटते आणि तिच्यावरचा अन्याय प्रेक्षकांच्या मनातून पुसला जातो. वर शेवटी मालक थेट आपल्याकडे वळून पुरुषांना सावध करतो. आमच्या चर्चेत ‘बाई नीट पारखून ठेवावी’ इथवर मजल गेली. पगार, सुट्टी, नोटीस हे शब्द निघालेच नाहीत. मला ते फार लागलं.

इम सांग-सू यांचा 2010 चा चित्रपट जरा जास्तच चकचकीत आहे, शेवटही भडक. तरी माझं मत त्याला. मुख्य कारण यून यो-जंग यांनी रंगवलेली जुनी मोलकरीण. नव्या मुलीला दिवस गेल्याची बातमी मालकिणीच्या आईला हीच पोचवते आणि पुढे हीच ते घर सोडते. आयुष्य दुसऱ्याच्या घरात गेलेली बाई कुणाची, हा प्रश्न तिच्यामुळे आपोआप निघतो. बोलणं पगार आणि तक्रारीपर्यंत आलं, ते याच चित्रपटानंतर.

कायद्याचा संदर्भ मात्र आधीच द्यावा. कोरियाच्या श्रममानक कायद्याने घरकामगारांना 1953 पासून बाहेर ठेवलं होतं. त्यांच्यासाठीचा वेगळा कायदा जून 2022 मध्ये लागू झाला. तोही प्रमाणित संस्थांमार्फत काम करणाऱ्यांपुरता. घरमालकाने थेट ठेवलेली बाई अजून बाहेरच आहे.

दोन्ही चित्रपट प्रौढांसाठीचे आहेत. ते अवघड वाटलं, तर ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटातला मून-ग्वांग या मोलकरणीला कामावरून काढण्याचा भाग दाखवता येईल. तिला क्षयरोग असल्याच्या संशयावरून काढतात, पण खरं कारण तिला सांगतही नाहीत.