स्टार ट्रेक कोठून सुरू करावे : 'द नेक्स्ट जनरेशन' की 'डीप स्पेस नाइन'

स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञानकथा-मालिका पाहायचे ठरवलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती सुरुवातीची. १९६६ ते १९६९ या काळातील मूळ मालिका ७९ भागांची आहे आणि तिच्यातील कर्क, स्पॉक व मॅकॉय या त्रिकुटावर माझे मनापासून प्रेम आहे. तरीही साठच्या दशकातील चित्रीकरणाची सवय नसलेल्या नव्या प्रेक्षकाला मी ती आधी सुचवत नाही. माझ्या मते खरी निवड पुढच्या दोन मालिकांत आहे. १९८७ ते १९९४ या काळातील 'द नेक्स्ट जनरेशन' १७८ भागांची आहे, तर १९९३ ते १९९९ या काळातील 'डीप स्पेस नाइन' १७६ भागांची. दोन्हींची सात-सात पर्वे झाली, दोन्हींच्या निर्मितीवर रिक बर्मन यांची देखरेख होती, दोन्हींतील परग्रहवासीयांची रंगभूषा मायकेल वेस्टमोर यांच्या हाताखाली झाली आणि दोन्हींतील नियंत्रण-पटलांवरची रेखीव चिन्हे मायकेल ओकुडा यांनी आखली. इतके साम्य असूनही दोन्हींतली माणसे एकमेकांपासून फार वेगळी आहेत, आणि ती तशी का आहेत हे कळले की आपल्याला कोणाच्या सहवासात सात पर्वे काढायला आवडतील हे ठरवणे सोपे जाते. त्यासाठी आधी पडद्यामागे जावे लागते.

'नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली तेव्हा मूळ जनक जीन रॉडेनबेरी यांनी लेखकांना एक कडक अट घातली होती. चोविसाव्या शतकातील माणूस हेवेदावे, लोभ आणि क्षुद्र भांडणे मागे टाकून पुढे गेलेला असेल, म्हणून एंटरप्राइझ यानावरील सहकाऱ्यांमध्ये आपापसांत कलह दाखवायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता. आदर्श म्हणून ही कल्पना मला आजही मोठी वाटते, परंतु नाट्य लिहिणाऱ्याच्या हातातून तिने मुख्य हत्यारच काढून घेतले होते. मूळ मालिकेपासून साथ देणाऱ्या डी. सी. फोंटाना यांच्यासारख्या अनुभवी लेखिकेसह अनेकांनी पहिल्या पर्वातच ही मालिका सोडली. सुरक्षा-अधिकारी ताशा यारची भूमिका करणाऱ्या डेनिस क्रॉस्बी त्याच पर्वात बाहेर पडल्या. डॉक्टर क्रशर झालेल्या गेट्स मॅकफॅडन दुसऱ्या पर्वात नव्हत्या आणि तिसऱ्यात परतल्या. त्यातच १९८८ च्या लेखकांच्या संपामुळे दुसरे पर्व २२ भागांवर थांबले आणि त्याचा शेवट जुन्या भागांतील तुकडे जोडून करावा लागला. पहिली दोन पर्वे पाहून ज्यांनी ही मालिका सोडली, त्यांना मी दोष देत नाही.

मालिका सावरली ती तिसऱ्या पर्वापासून, मायकेल पिलर यांनी लेखनाची सूत्रे हाती घेतल्यावर. प्रत्येक भाग यानावरील कोणा एकाच्या अंतरंगाविषयी असावा, बाहेरचे संकट हे त्या माणसाला उघड करण्याचे निमित्त असावे, हा त्यांचा दंडक होता. शिवाय व्यावसायिक प्रतिनिधी (एजंट) नसलेल्या, बाहेरच्या लेखकांच्या पटकथाही वाचण्यासाठी त्यांनी दार उघडले, आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवर ही फारच विरळ गोष्ट होती. रोनाल्ड मूर हे अशाच वाटेने आत आले. सेट पाहायला गेलेल्या या चाहत्याने स्वतः लिहिलेली पटकथा सोबत नेली होती. तिच्यावर १९८९ मध्ये भाग झाला आणि पुढे मूर दोन्ही मालिकांच्या महत्त्वाच्या लेखकांपैकी एक झाले.

कलहबंदीच्या चौकटीत राहूनही किती उंची गाठता येते हे पाहायचे असेल, तर दुसऱ्याच पर्वातील 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग पाहावा. डेटा हा यंत्रमानव माणूस आहे की स्टारफ्लीट या अवकाश-आरमाराची मालमत्ता, असा खटला उभा राहतो आणि त्याचा मित्र रायकर याला नियमानुसार त्याच्याच विरुद्ध बाजू मांडावी लागते. दोघांत वैर नाही, चढा आवाज नाही, तरीही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही पटकथा लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करीत असत, आणि युक्तिवादांच्या बांधणीत ते जाणवते. ब्रेंट स्पायनर यांनी डेटाच्या निर्विकार चेहऱ्याआडून जे काम केले आहे त्याला तोड नाही. रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या रंगमंचावर घडलेले पॅट्रिक स्टुअर्ट हे यानाच्या कॅप्टन पिकार्डच्या भूमिकेत शब्दाला जे वजन देतात, ते तर मालिकेचा कणाच आहे. १९९२ च्या 'द इनर लाइट' या भागात पिकार्ड एका मृत ग्रहावरील परक्या माणसाचे संपूर्ण आयुष्य, संसार आणि म्हातारपणासह, काही मिनिटांत जगून परत येतो. या भागाला पुढच्या वर्षी विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मात्र पुढच्या आठवड्यात पिकार्ड पुन्हा आपल्या खुर्चीत बसलेला असतो आणि यान नव्या ग्रहाकडे निघालेले असते. या मालिकेचा स्वभाव असा आहे. प्रत्येक भाग स्वतंत्र, हातावेगळा करता येणारा.

मराठी वाचकासाठी येथे एक आठवण सांगावीशी वाटते. 'नेक्स्ट जनरेशन'चे ओळखसंगीत मुळात जेरी गोल्डस्मिथ यांनी १९७९ च्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी रचले होते, आणि त्याच चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी डोक्यावरील सर्व केस उतरवून इलिया या यानचालक अधिकारी स्त्रीची भूमिका केली होती. ती धून सुरू झाली की मला त्यांचा चेहरा आठवतो.

'डीप स्पेस नाइन'ची आखणी बर्मन आणि पिलर यांनी केली, तेव्हा रॉडेनबेरींच्या अटीतून त्यांनी एक चतुर वाट काढली. स्टारफ्लीटची माणसे सुसंस्कृत राहू द्यायची, पण त्यांच्या शेजारी स्टारफ्लीटची नसलेली माणसे आणून बसवायची. म्हणून ही कथा यानावर न घडता एका अवकाशस्थानकावर घडते. बेजोर या ग्रहावरील कार्डॅशियनांचा दीर्घ आणि क्रूर ताबा नुकताच संपलेला आहे, जेत्यांनी बांधलेले स्थानक मागे उरले आहे आणि त्यावर सगळ्यांना एकत्र राहायचे आहे. आधीच्या मालिकेत मिशेल फोर्ब्स यांनी रंगवलेली रो लॅरेन ही बेजोरी अधिकारी येथे आणण्याचा मूळ विचार होता. फोर्ब्स यांनी नकार दिल्याने कीरा नेरीस हे नवे पात्र लिहिले गेले आणि ते नाना व्हिझिटर यांच्याकडे गेले. माझ्या मते या नकाराने मालिकेचे भलेच झाले. रो स्टारफ्लीटचा गणवेश घालणारी होती. कीरा मात्र बेजोरच्या मुक्तिलढ्यात हाती शस्त्र घेऊन वाढलेली, आपल्या सरकारला उत्तरदायी असलेली आणि म्हणूनच स्थानकाचा प्रमुख कमांडर सिस्को याला तोंडावर नाही म्हणू शकणारी स्त्री आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीचा 'ड्युएट' हा भाग जवळजवळ संपूर्णपणे तिच्यात आणि एका कार्डॅशियन कैद्यात घडतो. एक कोठडी, दोन नट आणि संवाद, एवढ्या सामग्रीवर अत्याचार, अपराध आणि सूड यांविषयी इतके खोलवर बोलणारे फारसे काही मी दूरचित्रवाणीवर पाहिलेले नाही.

पुढे सूत्रे आयरा स्टीव्हन बेअर यांच्याकडे आली, रोनाल्ड मूर तिसऱ्या पर्वापासून येथे दाखल झाले आणि मालिकेने आणखी मोकळा श्वास घेतला. स्थानक जागचे हलत नसल्यामुळे या आठवड्यात केलेल्या कृत्याचे फळ पुढच्या पर्वातही समोर येऊन उभे राहते. याचा सर्वांत मोठा लाभ दुय्यम पात्रांना झाला. शिंपी म्हणून दुकान थाटलेला आणि पूर्वायुष्याविषयी कधीच सरळ न बोलणारा गॅरॅक पहिल्या पर्वात एकाच भागापुरता येतो, पण अँड्र्यू रॉबिन्सन यांनी त्यात असे काही रंग भरले की लेखकांना त्याच्याकडे परत परत वळावे लागले. नॉग हा फेरेंगी या परग्रहवासी जमातीतला पोरगा उनाडक्या करीत येतो आणि सात पर्वांत, ॲरन आयझेनबर्ग यांच्या जड रंगभूषेखालच्या डोळ्यांमधून, पूर्ण वाढलेला माणूस होतो.

फेरेंगींच्या बाबतीत तर दोन मालिकांतील फरक एकाच नटाच्या कामातून दिसतो. 'नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्या पर्वात ही जमात प्रथम पडद्यावर आली, तेव्हा तिच्यातील एक भूमिका आर्मिन शिमरमन यांनी केली होती. ती पात्रे उड्या मारणारी आणि हास्यास्पद झाली होती. ती चूक दुरुस्त करण्याची इच्छा शिमरमन यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे, आणि पुढे क्वार्क या गुत्तेमालकाच्या भूमिकेत त्यांनी सात वर्षे ती दुरुस्त केली. क्वार्क लोभी आहे, परंतु मानवजातीच्या इतिहासातील गुलामगिरीकडे आणि छळछावण्यांकडे बोट दाखवून तो सिस्कोला जे सुनावतो, त्याला सिस्कोजवळ सहज उत्तर नसते.

सिस्कोची भूमिका करणारे एव्हरी ब्रुक्स हे पिकार्डच्या तुलनेत अधिक उष्ण, अधिक अस्वस्थ नायक उभा करतात. तो विधुर आहे, मुलाला एकट्याने वाढवतो आहे, आणि कृष्णवर्णीय बाप-लेकांतील माया इतक्या उघडपणे दाखवणे हे नव्वदच्या दशकात मोठेच काम होते. १९९८ च्या 'फार बियॉन्ड द स्टार्स' या भागाचे दिग्दर्शनही ब्रुक्स यांनीच केले. त्यात पन्नाशीच्या दशकातील न्यूयॉर्कमधील एका कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखकाची कथा केवळ नायक काळा आहे म्हणून छापली जात नाही. त्याच वर्षीच्या 'इन द पेल मूनलाइट'मध्ये युद्ध जिंकण्यासाठी सिस्को असत्याच्या पायऱ्या एकेक करून उतरत जातो. पिकार्ड तेथे पहिल्याच पायरीवर थांबला असता, असे मला वाटते. या फरकाकडे पाहून तुम्हाला कोणता कॅप्टन जवळचा वाटतो, हे निवडीच्या वेळी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. 'नेक्स्ट जनरेशन' मूळ फिल्मवरून पुन्हा घडवली गेली आणि आजच्या मोठ्या पडद्यावरही लखलखीत दिसते. 'डीप स्पेस नाइन'चे तसे अधिकृत पुनरुज्जीवन झालेले नाही, म्हणून तिचे चित्र धूसर वाटते. दुसरे असे की पहिली मालिका तिसऱ्या पर्वापासून सुरू केली तरी चालते, आठवड्यातून एखादाच भाग पाहिला तरी सूत्र तुटत नाही आणि घरातील मुलांसोबतही पाहता येते. दुसरीला सबुरी लागते. तिची पहिली दोन पर्वे संथ आहेत आणि शेवटच्या पर्वातील युद्धाचा समारोप सलग भागांतून उलगडतो. मध्येच कोठून तरी शिरलेला प्रेक्षक गोंधळून जाईल.

ज्याला दिवसभराच्या कामानंतर पाऊण तास विचारांची उत्तम सोबत हवी आहे, त्याने 'नेक्स्ट जनरेशन' घ्यावी. ज्याला कादंबरी वाचल्यासारखे माणसांसोबत राहायचे आहे, त्याने 'डीप स्पेस नाइन' घ्यावी, आणि एकच मालिका निवडायची झाली तर मी स्वतः हीच निवडेन. मात्र तिच्याआधी 'नेक्स्ट जनरेशन'च्या तिसऱ्या पर्वाचा शेवट आणि चौथ्याचा प्रारंभ जोडणारा 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' हा दोन भागांचा प्रसंग अवश्य पाहावा. त्यात बोर्ग हे शत्रू पिकार्डला पकडून आपल्यात मिसळून घेतात आणि त्याच्याच तोंडून मानवी आरमाराला शरण यायला सांगतात. 'डीप स्पेस नाइन'चा पहिला भाग त्याच लढाईने सुरू होतो. सिस्कोची पत्नी तेथे मरते. काही वर्षांनी स्थानकाचा ताबा घ्यायला आलेला सिस्को पिकार्डसमोर उभा राहतो आणि आपण यापूर्वी, त्या लढाईत, भेटलो आहोत असे थंडपणे सांगतो, तेव्हा पिकार्डच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याचा अर्थ आधीचे दोन भाग पाहिलेल्यालाच पुरता कळतो.