वेबकॅम विकत घ्यावा की घरातला फोनच लावावा?

प्रश्न संगणकावरच्या व्हिडिओ कॉलसाठीच्या कॅमेऱ्याचा आहे. आधी निकाल सांगतो, कारणं मागून. ड्रॉवरमध्ये जुना पण धड चालणारा फोन पडून असेल, तर वेबकॅमवर पैसे घालू नका. घरात एकच फोन असेल आणि रोज तासन्‌तास कॉल असतील, तर मुकाट्यानं वेबकॅम घ्या.

चित्राच्या बाबतीत फोनचा मागचा कॅमेरा सरस, यात वाद नाही. लॉजिटेकचा सी२७० हा स्वस्तातला वेबकॅम ७२०पीचा (हा आकडा जितका मोठा तितकं चित्र बारीक) आणि ठरावीक फोकसचा. समोर बसलेला माणूस त्यात ठीक दिसतो. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याला मुंबईच्या व्यापाऱ्याला माल दाखवायचा असेल, तर कापड जवळ नेलं की सगळं धूसर. फोनवर बोट टेकवलं की फोकस बसतो. टॉवेलचे फासे, काठाची शिवण, जेकार्ड चादरीतली नक्षी उठून दिसते. लॉजिटेकच्याच सी९२० मध्ये ऑटोफोकस आणि १०८०पी आहे, पण त्याची किंमतही तशीच चढी. एक खोच दोन्हीकडे आहे. मरून रंगाच्या चादरीनं चौकट भरली की कॅमेरा आपल्या मनानं रंग बदलतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘फोटोत वेगळा होता की.’ अॅपमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करायची सोय असेल तर ती आधी वापरा. फोर-केच्या, म्हणजे १०८०पीहूनही बारीक चित्राच्या, मागे मात्र लागू नका. मीट किंवा झूमवर समोरच्याला बहुतेक वेळा ७२०पी किंवा त्याहून कमीच पोचतं.

जोडणी कशी, हे तुमच्याकडे काय आहे त्यावर. आयफोन एक्सआर किंवा त्यानंतरचा, त्यात आयओएस १६ किंवा पुढचं, आणि मॅकवर व्हेंच्युरा (मॅकओएस १३) किंवा पुढची आवृत्ती असेल तर वेगळं अॅपच लागत नाही. पिक्सेलसारख्या काही फोनना अँड्रॉइड १४ पासून केबल लावल्यावर यूएसबीच्या पर्यायांत ‘वेबकॅम’ दिसतो. विंडोज ११ मध्येही अँड्रॉइड फोन बिनवायरचा जोडता येतो. बाकीच्यांना ड्रॉइडकॅम किंवा इरियन ही अॅप्स. यांचा एक भाग फोनवर आणि एक संगणकावर टाकावा लागतो. इरियनच्या फुकट आवृत्तीत चित्रावर त्यांचा शिक्का येतो. अँड्रॉइडवर ही अॅप्स केबलनं चालवायची तर यूएसबी डीबगिंग (संगणकाला केबलवरून फोनवर हुकूम चालवू देणारी सेटिंग) चालू करावं लागतं, आणि ते चालू दिसलं की काही बँकांची अॅप्स उघडायलाच नकार देतात. जुना फोन बरा म्हणतो तो यासाठीसुद्धा.

वायफाय की केबल? केबल. वायफायवर ओठ आणि आवाज यांची फारकत होते. लाईट गेली की राउटर बंद, आणि मग तोच एकुलता एक फोन कॅमेराही आणि हॉटस्पॉटही!

इथं सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. पारा चाळिशीपार असताना कॅमेरा सतत चालू ठेवला की फोन तापतो, स्क्रीन मंदावते, कधी कॅमेराच बंद पडतो. कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा, ७२०पीवर आणा. लॅपटॉपचा यूएसबी २.० पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअरच देतो, त्यामुळे केबल लावलेली असूनही बॅटरी उतरत राहते. वेबकॅम मात्र तेवढ्याच विजेवर दिवसभर तक्रार न करता चालतो. रोज आठ तास कॉलवर बसणाऱ्यासाठी माझ्या लेखी निकाल इथेच लागतो.

रोजचा फोन लावला तर मुलाखत रंगात आली असताना आत्याचा कॉल येणार, हे धरून चाला. केबल असेल तर एअरप्लेन मोड टाका. तेवढ्या वेळात ओटीपी येणार नाही, एवढंच. आवाजासाठी दोन्हीकडे साधा इअरफोनच बरा.

नवी पेठेत स्टँड घ्यायला गेलात तर लवचिक मानेचा घेऊ नका. टाइप करताना टेबल हललं की चित्र डुलायला लागतं. छोटा, जड बुडाचा ट्रायपॉड घ्या आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा.

शिकवणी घेणाऱ्यांनी दोन्ही वापरावेत: चेहऱ्यासाठी लॅपटॉपचाच कॅमेरा, आणि वहीवर वरून रोखलेला फोन. झूममध्ये गणित स्वतःला उलटं दिसलं तर घाबरू नका. ते आरशासारखं फक्त तुम्हालाच दिसतं, मुलांना सुलटच दिसतं. सेटिंगमधलं मिररिंग काढलं की तुम्हालाही.